भागूबाईची हाक

या, जवळ सरका. कीर्तनाला बसता तसं मांडी घालून बसा. गोष्ट सांगतो म्हणतोय खरा, पण ही घडलेली आहे. माझ्या सख्ख्या भाचीच्या, त्रिवेणीच्या बाबतीत.

मागच्या श्रावणातली दुपार. हैदराबादबाहेरचं एक जुनं पार्क.

तिथं एक भूतगुहा आहे. काळोखा बोगदा, रुळांवरून फिरणाऱ्या छोट्या गाड्या, लटकणारे सापळे. पोरं घाबरायची सोडून हसायला लागली, म्हणून मालकानं नवं तंत्र आणलं. दारावरच्या कवटीला कान दिले, वाचा दिली. तुम्ही नाव सांगायचं, आणि आत अंधारात ती तुम्हालाच हाक मारणार. तेलुगूत नाहीतर हिंदीत. हे सगळं बसवणारी इंजिनिअर म्हणजे आमची बरकतपुऱ्याची त्रिवेणी.

त्या गुहेत भागूबाई झाडायची. मूळची नांदेडकडची. गाड्या सुटण्याआधी ती रोज बोगद्याच्या तोंडाशी उभी राहायची.

"कोन हाय आऽऽत?"

मग कान देऊन थांबायची. आणि मगच म्हणायची, "करा चालू."

एखाद्या दिवशी मात्र ती थांबूनच राहायची. अंधाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची. समजूत घालावी तसं.

त्रिवेणी तिला चिडवायची, "मावशी, आता सेन्सर लावलेत. कायकू गळा फाडता?"

"तुझ्या मशीनला भ्याव वाटत न्हाई, पोरी. मला वाटतंय."

कशाचं, ते तिनं कधी सांगितलं नाही. चैत्रात भागूबाई गेली. हाकही बंद झाली.

त्या दुपारी शेवटची चाचणी होती. स्क्रीनवर आकडा... शून्य. आत कुणी नाही.

पण होतं.

कामातला जोडीदार अमरदीप चहाला म्हणून गेला होता. वाटेत त्याला एक सुटलेली वायर आठवली, आणि तो मागच्या दारानं आत शिरला. रुळांवर पालथा पडून काम करत होता. सेन्सर सीटखाली. गाडीत बसलेला माणूस त्यांना कळायचा, रुळांवर पडलेला नाही.

त्रिवेणीनं बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात... कवटीचा जबडा हलला.

"कोन हाय आऽऽत?"

मराठीत.

कवटीला मराठी कुणी शिकवलीच नव्हती.

त्रिवेणीचं बोट थिजलं. आणि आतून आवाज आला, "मी आहे ताई! थांबा, चालू नका करू!"

मागचं दार लावून, कुलूप घालून अमरदीप धावत पुढं आला. शर्टभर ग्रीस, तोंडावर हसू. "काय ताई, भागूमावशीची नक्कल? जान निकलली ना माझी!"

त्रिवेणीनं नुसतं कवटीकडे बोट केलं.

त्याचं हसू विरलं.

आता दोघंही बाहेर. कुलपाची किल्ली अमरदीपच्या मुठीत. स्क्रीनवर शून्य.

जबडा पुन्हा हलला...

"कोन हाय आऽऽत?"

सगळं शांत.

आणि मग... बोगद्याच्या पार तळातून...

"मी."

एवढंच. बारीक, दमलेलं. चैत्रापासून कुणी विचारलंच नव्हतं, अशा सुरातलं.

ती दोघं "करा चालू"ची वाट बघत उभी राहिली. ते शब्द आले नाहीत.

बॅटऱ्या घेऊन चारचौघांनी गुहेचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. काही नाही. मालकाला सांगितलं, तर तो खूश. "असंच राहू द्या की! पब्लिक पागल होईल." रविवारी गुहा उघडली. दारात ही रांग!

त्रिवेणीनं ते काम सोडलं. रिकाम्या खोलीत ती आता कुणाला हाक मारत नाही. न जाणो, ओ आली तर...

कीर्तनात बुवा नाम घेतात, आपण मागून ओ देतो. हाकेला ओ मिळाली की जीव निवतो, असं मी आजवर मानत आलो. आता ती ओ कानावर आली की नजर आपोआप मागं जाते.

तेवढं एक करा. सांजेचा दिवा लावाल तेव्हा भागूबाईची आठवण काढा. आणि आत जो कुणी आहे, त्याचीही.

त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही.

गाड्या मात्र रोज सुटतात.