तिसऱ्या गटाचा खड्डा

त्र्याहत्तरचा मे. नळ दिवाळीपासूनच कोरडे. कडेवर तापलेलं पोर घेऊन नीलांबरी टँकरच्या रांगेत उभी होती, तेवढ्यात शिपाई सूर्यभान आला.

"बाई, प्राचार्यांनी बोलावलंय. शेवटच्या वर्षाच्या गोरक्षाला काढून टाकत्यात."

हंडा शेजारणीकडे देऊन ती तशीच निघाली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेची तिची नोकरी हंगामी. पक्की व्हायला विभागप्रमुख मुळेसरांची सही लागायची.

आणि तक्रार मुळेसरांचीच होती. टेबलावर अभियांत्रिकीचं त्रैमासिक होतं, त्यात सरांचा लेख. शेजारी बेलापूरच्या गोरक्षनाथचा प्रयोग-अहवाल. विषय एकच: साखर कारखान्याच्या बॉयलरची राख घातलेलं काँक्रीट. राख वाढवत नेलेले चार गट, आकडे तेच. लेख एप्रिलचा, अहवाल मेचा.

"लेखातून उतरवलंस?" प्राचार्यांनी विचारलं.

"प्रस्तावना उतरवली, सर. लई भारी हुती. आकडे माझे हायेत. कच्चे कागद मुळेसरांकडं दिल्ते तपासाया."

"मला काही मिळालं नाही," मुळेसर म्हणाले. "प्रस्तावना चोरणारा आकडे सोडेल होय?"

नीलांबरीने दोन्ही वाचले. काँक्रीटच्या ताकदीचा आलेख सारखाच: तिसऱ्या गटाशी खड्डा, चौथ्याला पुन्हा चढ. लेखात काँक्रीटचे ठोकळे पक्के होण्यासाठी 'प्रमाणित पद्धतीने पाण्यात बुडवून' ठेवलेले. अहवालात एक ओबडधोबड वाक्य: 'संक्रांतीच्या सुट्टीत पोती वाळली, नुकताच ओतलेला तिसरा गट कच्चा राहिला.'

"सर, ठोकळे कुठे ठेवले होते?"

"कुठे म्हणजे? प्रयोगशाळेच्या टाकीत. जानेवारीत. तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होतात."

"स्वतः पाहिलंत?"

"रोज."

"मग तिसरा गट का पडला?"

"राख जास्त झाली."

"चौथ्यात त्याहून जास्त आहे. तो चढला."

पोर कुरकुरलं. तिने खांदा बदलला. आता बोललं की सही गेली, हे तिला कळत होतं.

"टाकीतलं शेवटचं पाणी दिवाळीत वसतिगृहाला दिलं," ती प्राचार्यांना म्हणाली. "हुकूम आपलाच होता. रजेवर जाण्याआधी मीच टाकी रिकामी केली. नळच कोरडे, नंतर ती भरलेली नाही. याने ठोकळे ओल्या पोत्यांत गुंडाळले. सुट्टीत भिजवायला कोणी नव्हतं, पोती वाळली. टाकीत बुडालेला ठोकळा वाळेल कसा? लेखात जे व्हायला हवं ते लिहिलंय, अहवालात जे झालं ते. सरांनी कच्च्या कागदांवरून आकडे घेतले. खड्डाही आला, त्याचं कारण मात्र याच्यापाशीच राहिलं."

मुळेसरांनी चष्मा पुसायला घेतला.

"संपादकांना आजच लिहा," प्राचार्य त्यांना म्हणाले. "आणि याला परीक्षेला बसू द्या."

सहीचं काय, हे तिने विचारलं नाही. बाहेर गोरक्षनाथ घुटमळत उभा होता.

"प्रस्तावना परत लिही," ती म्हणाली.

"केवढी, बाई?"

"तुला ठाऊक आहे तेवढी."

"मग दोनच वळी हुत्याल."

"होऊ देत."