मामांचं सोंग

परीक्षेच्या खोलीत मामा मेले, तोवर पाच पोरांनी त्यांच्या अभिनयाचं कौतुक करून झालं होतं.

मामा म्हणजे मेडिकल कॉलेजचे ठरलेले खोटे रोगी. त्यांनी पोटदुखीचं सोंग घेऊन कॉटवर कण्हायचं, विद्यार्थ्यांनी तपासायचं आणि काचेपलीकडून प्रोफेसरांनी मार्क द्यायचे. आज सहावी आत गेली ती 'भित्री'. हे नाव प्रोफेसरांनीच भर वर्गात ठेवलेलं. ती किंचाळत बाहेर आली, तेव्हा तिने टोचलेली सुई मामांच्या दंडात तशीच होती.

"हिनेच मारलं," प्रोफेसर तपासाला आलेल्या फौजदारबाईंना म्हणाले. "बेड्या घाला."

बाईंनी मुलीला विचारलं, "काय टोचलंस?"

"खोलीतल्या कपाटातलं ग्लुकोज. घाम, थरथर, बरळणं... साखर उतरली होती त्यांची. मी ओरडून सरांना सांगितलं. सर म्हणाले, परीक्षेत बोलायचं नाही."

"फाशी दिसली की सगळ्यांना वाचा फुटते," प्रोफेसर म्हणाले.

बाईंनी सगळ्यात आधी गेलेल्या पोराला बोलावलं. वर्गातला पहिला नंबर. कोटाला सुरकुती नाही.

"मामा कसे होते?"

"एक नंबर, मॅडम! घामाने निथळत होते. 'खरंच होतंय रे बाळा' म्हणाले. मी म्हटलं, वा मामा, आज कहर केलात!"

"मग?"

"मग पोट तपासलं. बेंबीशेजारी चिकटपट्टी होती, तेवढी जागा सोडून."

"कशाची पट्टी, विचारलं नाहीस?"

"त्याला मार्क नसतात, मॅडम."

बाई प्रोफेसरांकडे वळल्या. "सर, मामांना परीक्षेसाठी तयार कोण करतं?"

"मीच. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नाही. पेपर फुटतो."

बाई आत गेल्या, प्रेताजवळ वाकल्या आणि परत आल्या.

"कण्हण्याचं सोंग येतं सर, घामाचं येत नाही. पहिल्याच पोराने घाम पाहिला. म्हणजे औषध त्याच्याही आधी अंगात भिनलं होतं. पट्टीखाली सुईची खूण आहे. साखर उतरवायचं औषध पोटावर टोचतात, माझी आई रोज टोचून घेते. ही पोरगी आत आली सहावी. पट्टी पहिल्यापासून होती. आणि पहिल्याच्या आधी मामांजवळ फक्त तुम्ही."

प्रोफेसरांना लाज वाटली असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते विसरावं.

"संशोधन आहे माझं," ते म्हणाले. "खोट्या रोग्याला खरंच झालं तर किती पोरं ओळखतात? आजवर कुणी मोजलंच नव्हतं. औषधाचा हात जरा जड पडला, इतकंच."

"कपाटात ग्लुकोज होतं. पहिला चुकला तेव्हाच का नाही दिलंत?"

"एका पोरावरून निष्कर्ष काढतात होय, बाई?"

"आणि हिच्या गळ्यात खून?"

"तशीही ती नापासच होती. बोलली ना मध्येच."

बेड्या निघाल्या, पण दुसऱ्या हातांसाठी.

भित्री बाहेर व्हरांड्यात आली. पोरांनी तिला गराडा घातला. पहिला नंबरवाला सगळ्यांना ढकलत पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"परीक्षा रद्द होणार का गं?" त्याने विचारलं. "मामांना तपासण्यात मला पैकीच्या पैकी होते."