उत्तराआधीची शांतता

जिन्याच्या वळणावर आमची टक्कर झाली. त्याच्या हातातली खुर्ची माझ्या कोपराला लागली. तो ओशाळला, माझ्याकडे बघून म्हणाला, "ख... ख..."

कुणाचं वाक्य अर्धवट लटकलेलं मला बघवत नाही. वर्गातली मुलं मला पाठीमागे 'बुलेट' म्हणतात, ते काही उगीच नाही.

"खरंय," मी म्हटलं, "कंटाळवाणंच असणार हे प्रशिक्षण. म्हणे शिक्षकांनी मुलांची मनं सांभाळायची. मी गणित शिकवू की मनं सांभाळत बसू?"

त्याने शांतपणे शब्द पुरा केला. "खडू. तुमच्या केसांत खडू आहे."

थोड्या वेळाने तोच माणूस माईकसमोर उभा राहिला, तेव्हा धरणीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मी समुपदेशक आहे," तो म्हणाला, "आणि मी अ... अडखळतो. शाळेत मी एकही उत्तर पूर्ण दिलं नाही. येत नव्हतं म्हणून नाही. कुणी थांबलंच नाही."

हॉलमधली कुजबुज थांबली. शब्द अडला की तो घाबरत नव्हता, नुसता थांबत होता, पाहुण्याची वाट बघावी तसा. आणि शेकडो वाचाळ शिक्षक त्याच्याबरोबर थांबत होते. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर होऊ नका," तो सांगत होता. "प्रश्न विचारा आणि थांबा. चुकलेल्या उत्तरातली बरोबर पायरी शोधा. मूल फारच मिटलेलं दिसलं, तर एकट्याने ओझं उचलू नका, मला सांगा."

चहाच्या वेळी मी धीर करून त्याच्याजवळ गेले.

"खडूबद्दल आभार."

"ठेवायचा होता तसाच. शो... शोभत होता."

मी हसले आणि मग सांगून टाकलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आई गेल्यापासून तोंडच उघडत नव्हती. "मी तिला प्रश्न विचारणं सोडलंय. चारचौघांत अवघडायला नको म्हणून."

"तुम्ही मायाळू आहात—"

"तसं काही नाही हो..."

"वाक्य संपलं नाही." तो हसला, पण डोळे गंभीर होते. "मायाळू आहात, पण तिला वाटत असेल, बाईंनीही मला सोडून दिलं."

घरी जाईपर्यंत ते वाक्य काट्यासारखं सलत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो माझा तास बघायला आला. मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसला. मी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि त्या मुलीकडे वळले.

"उत्तर नको मला. पहिली पायरी काय करशील, एवढंच सांग."

शांतता. पंख्याची घरघर. माझ्या जिभेवर उत्तर वळवळत होतं. मी ओठ घट्ट मिटले.

"दोन्हीकडून... सात वजा."

तिचा आवाज कसा आहे, हे मी विसरूनच गेले होते. ती उठली, फळ्यापाशी आली. चिन्ह चुकलं. पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, मीही तिथेच चुकले," आणि ती चक्क हसली. पुसलं, पुन्हा लिहिलं, सोडवलं. मग फळ्याकडे बघतच म्हणाली, "आईला मी रोज गणित दाखवायचे."

वर्गात कुणी हाललं नाही. त्या एवढ्याशा शांततेच्या पलीकडे केवढं मोठं जग होतं, आणि मी रोज त्यावरून धावत सुटत होते. मागे पाहिलं, तर तो चष्मा पुसत होता.

त्यानंतर तो दर शनिवारी तिला आणि तिच्या वडिलांना भेटायला येऊ लागला. जाताना शिक्षकांच्या खोलीत डोकवायचा. मी त्या दिवशी जरा बरी साडी नेसते, हे घरी माझ्या वहिनीच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

वर्ष संपता संपता तो फाटकाशी थांबला. "माझी बदली झालीय. दुसऱ्या गावातल्या शाळा."

"आणि ती?"

"शनिवारी येतच राहीन. तिच्यासाठी." मग जरा थांबून, "तिच्याचसाठी असं नाही."

"शनिवारी माझे बाबा घरी असतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यांना काय सांगू?"

"आधी मला काय सांगायचंय ते ठरवा."

तो सरळ उभा राहिला. हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तू... तू... तू..."

आजवर तो मला 'तुम्ही' म्हणायचा. आता लागोपाठ तीनदा 'तू'. पुढचा शब्द यायला वेळ लागणार होता.

मला कसलीच घाई नव्हती.