तपासून झालेली शाल

शाल फाटली तेव्हा आवाज असा झालाच नाही. जुन्या लोकरीत आवाज करायचंही त्राण उरलं नव्हतं... धाकटीच्या ओल्या बोटांखाली काहीतरी हळूच सुटलं, आणि पाहते तो खांद्यावरच्या भागाला तळहाताएवढं भोक पडलेलं, आणि त्या भोकातून बादलीतला फेस वर आलेला.

आईची शाल होती ती. आईची म्हणावी अशी घरात उरलेली एकुलती एक वस्तू, आणि तीही शेवटी हिच्याच हातून गेली. बाहेर दुकानात ताई एका गिऱ्हाइकाशी कोटाच्या गुंड्यांवरून हुज्जत घालत होती, आणि आता कुठल्याही क्षणी ती आत येणार होती.

खरं तर शाल पुन्हा पाण्यात घालायचं काही कारणच नव्हतं.

बाबांनी ही लाँड्री सुरू केली तेव्हापासून इथे एक नियम होता. ज्यानं डाग काढला, त्यानं तो तपासायचा नाही. काढणाऱ्याच्या डोळ्यांत डाग जाऊन बसतो, बाबा म्हणत, कापड कोरं झालं तरी त्याला तो दिसतच राहतो, तो घासत सुटतो, आणि मग डागाऐवजी कापडच जातं. म्हणून तपासणारं माणूस दुसरं. त्यानं कपडा खिडकीशी धरायचा, "निघाला" म्हणायचं, घडी घालायची. त्या घडीला काढणाऱ्यानं पुन्हा हात लावायचा नाही. आता बाबांमागे डाग काढायची धाकटी आणि तपासायची ताई.

परवा ताईनं ट्रंकेतून ही शाल काढून तिच्यापुढे ठेवली होती. "बघ, निघतो का," एवढंच म्हणाली. तो तपकिरी डाग धाकटीनं पाहताच ओळखला. औषधाचा डाग होता तो, आणि कसा पडला ते शेजारणींकडून तिच्या कानावर केव्हाच आलं होतं. डाग पडला तेव्हा, म्हणजे खूप वर्षांपूर्वी, ताईचं लग्न ठरलं होतं. त्या दुपारी ताई होणाऱ्या सासरी गेली होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसायचं काम धाकटीकडे होतं. धाकटी बसली नाही. एका फिरत्या विक्रेत्यानं तिला मोठमोठी स्वप्नं दाखवली होती, त्याचा हात धरून ती मागच्या दारानं निघून गेली. एकट्या पडलेल्या आईनं औषधाच्या बाटलीकडे स्वतःच हात लांबवला, आणि बाटलीसकट ती खाली कोसळली... त्यानंतर आईला एकटं सोडायची सोय राहिली नाही. ताईनं आपल्या तोंडानं लग्न मोडलं, आणि आई गेली तोवर तिचं लग्नाचं वय निघून गेलं होतं.

पुढे तो विक्रेता जसा आला तसा गेला, आणि धाकटी एक पिशवी घेऊन या दारात उभी राहिली. ताईनं तिला आत घेतलं, एका शब्दानं जाब विचारला नाही, आणि धाकटीला त्या न विचारलेल्या जाबानंच जखडून टाकलं. तिनं आपण होऊन इस्त्रीच्या खोलीमागची अडगळ झोपायला घेतली, जिथली खिडकी वाफेनं फुगून कायमची घट्ट बसली होती. जेवायची ती ओट्याशी, उभ्यानं, ताईचं झाल्यावर. "बस की गं," ताई सुरुवातीला म्हणायची. मग म्हणेनाशी झाली.

गल्लीच्या टोकाच्या चर्चमधली पांढरी वस्त्रं धुवायला यायची. ती पोचवायला गेलेली धाकटी एक दिवस शेवटच्या बाकावर बसली, ती उपासना संपली तरी उठेना. येशूनं पाप्यांसाठी जीव दिला हे तिनं तिथे ऐकलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आली तेव्हा वाटलं, सुटले... पण दुसऱ्याच सकाळी तीच वाफ, तीच खोली, छातीवर तोच दगड. आपलं तारण झालंच नसेल तर? आपला विश्वासच खोटा असेल तर? मग दर रविवारी, "ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी पुढे यावं," असं पाळक म्हणाले की ही उठून पुढे. बाकांवरच्या बायका एकमेकींना कोपरानं खुणवायच्या, "निघाली स्वारी." शेवटी तर तिनं पाळकांना गाठून पुन्हा बाप्तिस्मा मागितला.

"पहिल्या वेळी माझं मन नीट नव्हतं, पाळकसाहेब."

"बाई, तुमच्या मनाच्या भरवशावर देवानं काहीच ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "क्षमा केली असं त्यानं सांगितलंय. आता आणखी कुणाच्या शब्दाची वाट बघताय?"

तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा उठलीच.

शालीचा डाग मात्र तिनं जीव ओतून काढला. ताईनं शाल खिडकीशी बराच वेळ धरली, "निघाला" म्हणाली, आणि घडी घालून कपाटात ठेवली. पण धाकटीला तो दिसतच होता. डोळे मिटले तरी दिसत होता. आज ताई दुकानात गुंतलेली पाहून तिनं ती घडी उघडली, आणि घासत सुटली.

दार ढकलून ताई आत आली. तिनं ओली शाल उचलली, भोकातून आपला हात आरपार घातला, आणि मटकन स्टुलावर बसली.

"ही मी बघून ठेवली होती ना?"

"हो."

"निघाला म्हटलं होतं ना?"

"हो, पण मला दिसत होता गं ताई..."

"तुला दिसत होता. मग मी काय आंधळी? की तुझ्याशी खोटं बोलले?"

एरवी साध्या गुंडीवरून घर डोक्यावर घेणारी ताई, पण आता तिचा आवाज खोल गेला होता. धाकटी तिच्या पायांशी कोसळली.

"मला मार, ताई... घराबाहेर काढ. तुझा संसार मी बुडवला, आईला तसं टाकून गेले... काहीतरी शिक्षा दे, म्हणजे मी सुटेन."

"शिक्षा? आणि इतकी वर्षं तू मला काय देतेयस?" ताई म्हणाली. "उभ्यानं जेवतेस. त्या खुराड्यात झोपतेस. रोज माझ्यासमोर गुन्हेगारासारखी वावरतेस, म्हणजे मी रोज तुरुंगावरची शिपाई. मी कुणाला कोंडलं नव्हतं गं. तूच आत जाऊन बसलीस, आणि दारावर मला उभं केलंस."

धाकटीचे हुंदके थांबले. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तू आलीस त्या दिवशी दारात मी काय म्हणाले होते?"

ते विसरणं शक्यच नव्हतं. "हातपाय धू... जेवायला बस."

"मग? त्याहून वेगळं काय म्हणतात?" ताईनं पदरानं नाक पुसलं. "राग होता मला. अजूनही येतो, कुणाच्या लग्नाचे कपडे आले की येतो. पण राग येणं वेगळं आणि दार लावणं वेगळं. तुला घरात घेतलं ते घेतलं. ते काय मी रोज सकाळी उठून नव्यानं ठरवते? तू माझा शब्दच कधी खरा धरला नाहीस, चिमे."

चिमे... लहानपणीचं ते नाव ती परत आल्यापासून ताईच्या तोंडी आलं नव्हतं. धाकटीनं ताईच्या मांडीत तोंड खुपसलं, आणि रडता रडता तिला एक गोष्ट लख्ख कळली. ज्याला ती आजवर पश्चात्ताप म्हणत होती, तो निव्वळ अविश्वास होता. ताईवर, आणि त्या दुसऱ्यावरही, ज्यानं केव्हाच "निघाला" म्हणून टाकलं होतं. दर रविवारी उठून ती त्याचीच घडी उघडत होती. बाबांच्या लाँड्रीत वाढूनही आपला डाग आपणच तपासत बसली होती.

संध्याकाळी ताईनं टेबलावर दोन ताटं मांडली. धाकटी बसली. पहिल्याच घासाला तिला ठसका लागला.

"पाणी पी," ताई म्हणाली. "आणि मीठ कमी असेल तर तसं सांग. उभ्यानं जेवणाऱ्या माणसानं कधी तक्रार केली नाही, त्यानं माझा हात पार बिघडलाय."

रविवारी ताई तिच्याबरोबर निघाली. "मला पुढे-बिढे न्यायचं नाही हं," तिनं पायरीवरच बजावलं. "तुझ्या देवाशी माझं अजून बोलणं व्हायचंय." दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. धाकटीच्या खांद्यावर शाल होती. भोकाला ताईनं रफू केला होता, पण लोकरीचा रंग काही जुळला नव्हता.

पाळकांनी पुढे येण्यासाठी हाक दिली. बायका सवयीनं मागे वळल्या. धाकटीच्या पायांनीही सवयीनं उचल खाल्ली. छातीवरचा दगड गेलेला नव्हता, आज काही वेगळं वाटतही नव्हतं, आणि तिची बोटं आपसूक खांद्यावरचा तो रफू चाचपू लागली...

तिनं हात काढून मांडीवर ठेवला.

"जायचं नाही का गं?" ताईनं कुजबुजत विचारलं.

"एकदा गेले होते ना," धाकटी म्हणाली, आणि बसून राहिली.