गप्प नव्हे, ग्वापो!

मंचरहून पुण्याला निघालेल्या एस.टी.त वृषाली स्वतःशीच पुटपुटत होती, "ग्वापो... ग्वापा... ग्वापो..."

शेजारचा तरुण दचकला. "मी तर तोंडही उघडलं न्हाई, अन् तुमी मलाच गप्प म्हणताय व्हय?"

वृषालीला इतकं हसू फुटलं, की पुढच्या सीटवरच्या मावशीसुद्धा वळून बघू लागल्या.

"अहो, स्पॅनिश आहे ते! ग्वापो म्हणजे देखणा. मुलगी असेल तर ग्वापा."

शिनोलीची वृषाली दर रविवारी पुण्याला स्पॅनिश शिकायला जायची. तिला दुभाषी व्हायचं होतं. आणि तो होता आळ्याचा ऋषी. पॉलिहाऊसमधल्या फुलांचं काम शिकायला तो वर्षभर स्पेनला जाणार होता... अन् तिथली भाषा? तिचा गंधही नव्हता.

"मग मला शिकवा की," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दर रविवारी ऋषी शिकण्यासाठी त्याच एस.टी.त येऊन तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवू लागला. घाटातल्या वळणांवर खांद्याला खांदा लागे, आणि दोघंही घाईनं पुढचा शब्द घोकू लागत.

तो स्पेनला जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी ती निळा ड्रेस घालून आली. तो बघतच राहिला.

"एस्तास ग्वापा..."

"हो का? म्हणजे आजच्यापुरती?" तिनं भुवई उंचावली. "एस्तास म्हणजे आत्ता दिसतेस. मुळातच देखणी असेल, तर एरेस म्हणायचं."

त्याचे कान लाल झाले. "एरेस ग्वापा," तो हळूच म्हणाला. "वृषाली... वर्षभर थांबाल का माझ्यासाठी?"

"बाबांनी गुरुवारी पाहुणे बोलावलेत... मला बघायला."

तो सीटच्या कडेला सरकून बसला. पुणं येईपर्यंत वळणांवरही खांद्याला खांदा लागला नाही.

संध्याकाळी घरी परतल्यावर मात्र ती थेट गोठ्यात गेली. सावळेराम, तिचे बाबा, धार काढत होते.

"बाबा, त्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा. आळ्याचा एक मुलगा आहे... मला आवडतो."

धार थांबली. म्हशीनं मान वळवली.

"करतो काय?"

"फुलं पिकवतो. आता वर्षभर परदेशी चाललाय."

"मग जायच्या आदी घरी बोलाव. तोंड तर बघू दे मला."

गुरुवारी ऋषी आईला, साळुबाईंना, घेऊन आला. साळुबाईंनी वृषालीची हनुवटी धरली, "लई गोड हाय पोर!" बाबा हसले, आणि चहाबरोबर पेढेही आले.

निघताना ऋषी फाटकाशी घुटमळला. "वर्ष लई मोठं असतं वो..."

"असू दे," वृषाली म्हणाली. मग इकडंतिकडं बघत तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तू जाऊन ये. मी थांबते."