हजेरीपटावरची मारिसेल

गुरुवारी सकाळी मॉरीनने स्वतः अंथरलेली चादर शनिवारी दुपारीही तशीच होती. एक सुरकुती नाही. उशीला खड्डा नाही.

मॉरीन गिलिस कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या एका वसतिगृहाची देखरेख करायची. वय एकसष्ट, घरी एकटी. ऑगस्टच्या सुट्टीत तिथे जगभरच्या तरुण स्वयंसेवकांचं संमेलन भरलं होतं. या खोलीत दोघी होत्या: फिलिपिन्सची मारिसेल दुमागात आणि हंगेरीची रेका सालाई. न वापरलेला पलंग मारिसेलचा होता.

मॉरीनने संयोजक क्रेगला गाठलं. त्याने हजेरीपट पुढे केला. प्रत्येक सत्राला मारिसेलची सही होती.

मग मॉरीन जेवणघरात फिरली. चाळीस जणांना विचारलं. मारिसेल उंच की बुटकी, हेही कुणाला सांगता येईना.

क्रेगचा चेहरा उतरला. उद्या रात्री सगळ्यांची विमानं होती. संध्याकाळपर्यंत मुलगी सापडली नाही, तर पोलिसांना कळवणं भाग होतं. मग तिला या देशाचा व्हिसा पुन्हा मिळणं कठीण. मॉरीनने तेवढा वेळ मागून घेतला आणि हजेरीपट घेऊन बसली.

बुधवारी सकाळी सही होती, ‘मारिसेल दुमागात’. त्यानंतर सहा वेळा, ‘दुमागात मारिसेल’. तिने बाकीची नावं पाहिली. आडनाव आधी लिहिणारं अख्ख्या यादीत आणखी एकच होतं.

रेका मागच्या जिन्यावर एकटीच सँडविच खात बसली होती. मॉरीन तिच्या शेजारी टेकली.

“मारिसेलला शेवटचं कधी पाहिलंस?”

“सकाळी.”

“कुठे?”

“सत्रात. माझ्या शेजारीच बसली होती.”

“सही तिनेच केली?”

“हो.”

मॉरीनने पट उघडला आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. “स्वतःचं नाव लिहायची पद्धत कुणी एका दिवसात बदलत नाही गं. तुमच्याकडे आडनाव आधी लिहितात. तूही तुझं ‘सालाई रेका’ असंच लिहिलंयस. या सह्या तुझ्या आहेत.”

रेकाने सँडविच खाली ठेवलं.

“आणि ती कुठे गेली, ते मला मंगळवारीच कळायला हवं होतं,” मॉरीन म्हणाली. “पेनी कोव्हची बस कुठून सुटते, असं तिने मला विचारलं होतं. मी शब्दकोड्यातून मान वर न करता सांगितलं. त्या गावात माशांच्या कारखान्याशिवाय काही नाही. तिथे कामाला बहुतेक फिलिपिन्सच्याच बायका आहेत. कोण आहे तिचं तिथे?”

“आई,” रेका म्हणाली. “सहा वर्षांत भेट नाही. काल परत येणार होती. आली नाही, फोनही लागत नाही. मी वचन दिलं होतं, म्हणून...” ती थांबली. “इथे माझ्याशी तीच एकटी बोलली होती. तिचं नाव लिहिलं की शेजारी कुणीतरी आहे असं वाटायचं.”

मॉरीनने गाडीची किल्ली घेतली. रेकालाही बसवलं. पेनी कोव्ह तीन तासांवर होतं.

कारखान्याच्या फाटकासमोर, धुक्यात, एक बुटकी मुलगी बाकावर बसली होती. रेकाने धावत जाऊन तिला मिठी मारली. मारिसेल रडत म्हणाली की आईला दिवसाला अर्धाच तास सुट्टी मिळते. बाकी वेळ ती स्वतः इथेच बाकावर बसून असते. रात्री आईच्या खोलीतल्या मैत्रिणी तिला आपल्यात झोपवतात, पण आई कामावरून येते ती थेट झोपायलाच.

“मग काल का नाही निघालीस?” मॉरीनने विचारलं.

“उद्या रविवार आहे. तिला पूर्ण दिवस मोकळा आहे. कळवणार कसं, माझं सिम इथे चालत नाही.”

मॉरीनने क्रेगला फोन लावला. मुलगी सापडली, सुखरूप आहे, एवढं सांगितलं. उद्या विमानाच्या वेळेला दोघींना स्वतः घेऊन येईन, म्हणाली. तो चिडला. तिने ऐकून घेतलं.

मग बाकाच्या टोकाला बसून तिने दोघींसाठी जागा केली, आणि तिघी फाटक उघडायची वाट पाहू लागल्या.