थबक

यादीत एकतीस घरं होती. सतराव्या ओळीत यामिनी देवतळेला स्वतःच्या घराचा मीटर क्रमांक दिसला.

तिनं तो दोनदा वाचला. मग शेजारी उभ्या असलेल्या रमाकांत चोपणेंकडे पाहिलं. चोपणे केंद्राचे मुख्य अभियंता. दुपारचे तीन वाजले होते, बाकीचे सगळे चहाला गेले होते, आणि ती वेळ त्यांनी मुद्दामच निवडली असावी. नागपूरच्या त्या ध्वनिमापन केंद्रात यंत्रांची जुळणी व्हायची, म्हणून प्रयोगशाळेच्या भिंतीवर, घराघरांत असायची तशी, बोलणं ऐकणारी सरकारी कानोसा-पेटी नव्हती. शहरात मोकळं बोलता येईल अशी ती बहुधा एकच खोली उरली होती.

"काहीतरी चूक आहे," यामिनी म्हणाली. "आमच्या घरात कोणी बोलतच नाही."

"बोलतं, मॅडम. कोणीतरी रोज चार-पाच तास बोलतं. आणि अजिबात थबकत नाही."

"बाबूजी," ती पुटपुटली.

बाबूजी म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस. प्रत्येक फाट्यावर चढलेल्या-उतरलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जुनं सगळं लख्ख राहिलं, नवं मात्र काही टिकेना. सकाळी सांगितलेलं दुपारी पुसलं जायचं. घरात कानोसा बसला आहे, हे त्यांना शंभरदा तरी सांगून झालं होतं. दर वेळी ते म्हणायचे, "असं का? ऐकू दे बाप्पा, आपलं काय जाते!" आणि पुन्हा सुरू व्हायचे.

कानोसा शब्द साठवत नसे. सरकारनं हे जाहीरच केलं होतं, आणि ते खरं होतं. तो फक्त थबक मोजायचा.

थबक हा शब्द यामिनीचा. बारा वर्षांपूर्वी ती तोतऱ्या मुलांवर उपचार करायची, तेव्हा तिनं मोजून पाहिलं होतं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जेमतेम पाव सेकंद जातो. माणूस ऐकता ऐकताच उत्तर जुळवत असतो. पण काही लपवायचं असेल, शब्द निवडायचे असतील, तर तो पाव सेकंद लांबतो. खोटं बोलणारा थबकतो, भिणारा थबकतो. दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून गोड बोलणाराही थबकतो. न थबकता आलेलं उत्तर तेवढं आतून आलेलं असतं. मुलांसाठी लिहिलेल्या त्या निबंधावरून पुढे कानोसा तयार झाला, आणि यामिनीला या केंद्रात मोठ्या पदावर बोलावणं आलं. ती आली. त्या वेळी शहरात लागोपाठ तीन स्फोट झाले होते. नाही म्हणावं असं तिला वाटलं नव्हतं.

"पण न थबकणं म्हणजे लपवण्यासारखं काही नसणं," ती म्हणाली. "मग बाबूजींचं घर यादीत कसं?"

चोपणेंनी खुर्ची ओढली. "कारण लपवणं काय असतं ते यंत्राला ठाऊकच नाही, मॅडम. त्याला फक्त वेगळेपणा कळतो. सगळ्या शहराची सरासरी काढायची, आणि तिच्यापासून जे घर फार लांब असेल ते वर कळवायचं. आपण विजेच्या कामाच्या नावाखाली गुपचूप पेट्या बसवल्या तेव्हा सरासरी होती पाव सेकंद. कट करणारा माणूस अंधारात टॉर्च लावल्यासारखा उठून दिसायचा. मग कोर्टानं सांगितलं, लोकांना कळवा. कळवलं. त्या दिवसापासून सगळेच तोलून बोलायला लागले. सरासरी वर वर जात राहिली."

"आज किती आहे?"

"सव्वा सेकंद."

यामिनीनं डोळे मिटले. सव्वा सेकंद! तिच्या सगळ्यात अडखळणाऱ्या मुलांचीही थबक एवढी नव्हती.

"म्हणजे आता जो थबकत नाही, तोच वेगळा."

"तोच. एकतीस घरांपैकी बावीस घरांत अशीच विसरभोळी माणसं आहेत. बाकी घरांत दोन-तीन वर्षांची पोरं."

"जुनी सरासरी परत घाला ना."

"सहा महिन्यांपलीकडची मापं कायद्यानंच पुसावी लागतात. मोकळं बोलणं कसं असतं, याचा एकही नमुना आपल्याकडे नाही. आणि वर मी हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, सगळं शहर शिकलं, मग हीच माणसं का शिकली नाहीत?"

सलग तीन पंधरवडे यादीत आलेल्या घरी माणसांना तपासणी-निवासात घेऊन जाणारी गाडी यायची. अशा एका घरातली शिवणकाम करणारी बाई यामिनीनं तिथून परतल्यावर पाहिली होती. ब्लाउजचं माप घेताना ती फक्त मान हलवत होती.

चोपणे उठले. दाराशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "पेटीला कोण बोललं ते कळत नाही. घराची मिळून एकच सरासरी धरतात." आणि ते चहाला निघून गेले.

घरी बाबूजी वाटच पाहत होते. दार उघडताच म्हणाले, "आलीस बेटा? उशीर झाला. बाळाला केव्हा आणून राहिली? पाळणा काढून ठेवायचा का माळ्यावरून?"

हे रोजचंच होतं. बाबूजी आजारी पडले तेव्हा तिला सहावा महिना लागला होता, आणि ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पंधरा दिवसांनी बाळ पोटातच गेलं, ते मात्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या सोसायटीत पेट्या बसल्याचं जाहीर झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर यामिनी आणि तिचा नवरा प्रफुल्ल समोरासमोर बसले, दोघांनी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीकडे पाहिलं, आणि प्रफुल्ल म्हणाला होता, "दूध तापवू का?" त्यानंतर त्या विषयावर नवरा-बायकोत एक वाक्यही झालं नव्हतं. कुठल्याच विषयावर नव्हतं म्हणा. त्यात सरकारविरोधी असं काय होतं? काहीच नाही. पण रडताना माणूस काय बोलेल याचा नेम नसतो, आणि नेम नसलेलं काहीही त्या पेटीसमोर नको वाटायचं.

"आणू, बाबूजी. लवकरच," यामिनी म्हणाली. थबकून.

प्रफुल्ल कॉलेजात भूगोल शिकवायचा. तो आल्यावर तिनं भाजीच्या यादीखाली पेन्सिलीनं सगळं लिहून दाखवलं. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं खाली लिहिलं: बाबूजींना गप्प राहा सांगू? तिनं लिहिलं: विसरतील. आपण दोघांनी जास्त बोलायचं, आणि प्रत्येक उत्तराआधी तीन आकडे मोजायचे. सरासरी वर येईल. मग तिनं कागद फाडून गॅसवर जाळला.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

"भाजी कोणती करू?" यामिनी विचारायची.

एक. दोन. तीन.

"दोडक्याची कर," प्रफुल्ल म्हणायचा.

एक. दोन. तीन.

"चण्याची डाळ घालू का?"

दिवसभर घरात असं चालायचं. बाबूजी एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. ते दिग्रसच्या बाजारातल्या कोंबड्या बसमध्ये सुटल्याची गोष्ट रंगवून सांगायचे आणि हशाची वाट बघायचे. हसू यायचं, पण तीन आकड्यांनंतर. तोवर गोष्टीतली हवा गेलेली असायची. "काय झालं रे तुम्हाला?" ते कासावीस होऊन विचारायचे. "माझं काही चुकलं का?"

एक. दोन. तीन.

"नाही, बाबूजी."

पहिल्या पंधरवड्यानंतर घर यादीत होतं, पण सव्विसाव्या ओळीत. दुसऱ्या पंधरवड्यानंतर ते यादीत नव्हतंच.

यामिनीला आधी सुटल्यासारखं झालं. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. तिनं कागदावर गणित मांडलं. ती दोघं कितीही बोलली, कितीही थबकली, तरी बाबूजींच्या पाच तासांवर मात करून सरासरी फार तर पाऊण सेकंदावर जायला हवी होती. घराचा आकडा होता एक पूर्णांक एक दशांश.

तिनं चोपणेंना तो कागद दाखवला.

"दोन माणसं सोबत चालायला लागली की पावलं जुळतात, तसं आहे हे," ती म्हणाली. "मी याला समथबक म्हणायचे. तोतऱ्या मुलाशी मी सावकाश बोलायचे, आणि न सांगता त्याची लय माझ्या लयीला लागायची. त्याला आठवण लागत नाही, चोपणे. समजही लागत नाही. अंगच शिकतं."

"म्हणजे बाबूजी..."

"आम्ही शिकवलं त्यांना."

त्या संध्याकाळी तिनं दार उघडलं. बाबूजी खिडकीशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले.

"आलीस," ते म्हणाले.

पाळण्याचं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही. रोज तो प्रश्न यामिनीला नकोसा व्हायचा. आता तो प्रश्न येईना, तर आपलं बाळ अस्तित्वात होतं असं म्हणणारं जगात कोणीच उरलं नाही, असं तिला वाटलं. पण गाडी येणार नव्हती. तिनं चहा टाकला.

तिन्ही त्रिकाळ तोलून बोलणाऱ्यांच्या मधे बाकीची तीस घरंही फार टिकली नाहीत. आठ महिन्यांत यादी कोरी झाली. पोलीस ठाण्यांत भांडणांच्या तक्रारी येईनात. दवाखान्यात माणसं दुखणं सांगेनात; बोटानं जागा दाखवायची आणि गप्प बसायची. बालवाडीतली मुलं नाव विचारलं तर आधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची. वर्षअखेर सरकारनं जाहीर केलं की शहर पूर्ण सुरक्षित झालं आहे आणि कानोसा आता काढून टाकण्यात येत आहे.

यामिनीच्या घरची पेटी काढायला वीज मंडळाचा माणूस रविवारी सकाळी आला. त्यानं चार स्क्रू काढले, पेटी पिशवीत टाकली, आणि टेबलावर एक छापील कार्ड ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: कोणाचं बोलणं वेगळं वाटल्यास नागरिकांनी खालील क्रमांकावर कळवावं.

"आता पेटी नाही?" यामिनीनं विचारलं.

तो थबकला. "नाही," म्हणाला, आणि गेला.

भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. यामिनीनं प्रत्येक खोलीत जाऊन पाहिलं. दिव्यांमागे पाहिलं, पंख्याच्या वाटीत पाहिलं. ती याच कामातली होती; काही राहिलं असतं तर तिला सापडलं असतं. काही नव्हतं. ती बैठकीत आली. प्रफुल्ल पेपर वाचत होता, बाबूजी हातातल्या कपाकडे बघत बसले होते.

"प्रफुल्ल, मुलगी होती," ती म्हणाली.

त्यानं पेपर खाली घेतला.

"मला नर्सनं दाखवलं होतं. तुझं कपाळ होतं तिला. मी तुला सांगणार होते, त्याच दिवशी सांगणार होते, आणि तू दूध तापवायला गेलास, आणि मला तुझा इतका राग आला, की दोन वर्षं मी तुझ्या ताटात वाढताना..." ती बोलतच गेली. दम लागला तरी थांबली नाही. बाळाचं सांगितलं, निबंधाचं सांगितलं, हे सगळं आपल्या हातून झालं हे सांगितलं, तीन आकडे मोजून मोजून एका म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टी आपण मारल्या हे सांगितलं. शब्दांवर शब्द पडत होते. ती रडत होती आणि मधेच हसतही होती. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदाच आपलं बोलणं आपल्या कानांना ऐकू येतंय असं तिला वाटलं.

प्रफुल्ल खुर्चीत मागे सरकला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या चौकोनाकडे बघत होता.

बाबूजींनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. त्यांनी मुलाच्या दंडाला धरलं, ओठ हलवले, थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रफुल्ल... ही बाई असं काय बोलून राहिली? न थांबता?" पुन्हा थांबले. "हिचं काही ठीक दिसत नाही. कोणाला तरी कळव."

"कळवतो, बाबूजी," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्यानं टेबलावरचं कार्ड उचललं.

आजारी माणसाची समजूत काढताना आपण असंच काहीतरी म्हणतो, असं यामिनीनं स्वतःला सांगून पाहिलं. पण समजूत काढणाराही थबकतो. हजारो माणसांवर ते तिनंच मोजलं होतं. प्रफुल्ल थबकला नव्हता.